अजिंक्य वीराला जोड कोणती?

मोठ्या पहिलवानाला जोड मिळत नाहीं, ही तक्रार कोल्हापूरला नवी नाहीं. शाहू महाराजांनीं बांधविलेल्या खासबागेच्या मैदानांत बसणाऱ्या प्रेक्षकाला ती पाठ आहे. दोन तुल्यबळ मल्ल समोरासमोर आले, म्हणजे पुष्कळदां दोघेहि धोका पत्करावयास तयार होत नाहींत. नुसती खडाखडी चालते, वेळ सरतो, आणि कुस्ती बरोबरींत सुटते. जोड हलकी असली, तर डोक्यावरचा फेटा सांवरीपर्यंत निकाल लागलेला असतो. पहिल्या प्रकारांत कंटाळा, दुसऱ्यांत फसवणूक. मग चाणाक्ष प्रेक्षक लहान गड्यांच्या कुस्त्यांकडे डोळे लावतो. कारण कोण कोणाला आणि कोणत्या डावावर पाडील, हें तेथें अजून ठरलेलें नसतें.

नेमकी हीच अडचण एका अगदीं निराळ्या आखाड्यांत गेलीं पन्नास वर्षें ठाण मांडून बसली आहे, आणि तिच्यावर जे उपाय सुचविले जातात ते आम्हांस मुळांतच चुकीचे वाटतात. म्हणून हा लेख. १९७४ सालीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन प्रांतांतल्या लेक जिनीव्हा या गांवीं गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांच्या नांवें ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नांवाचा एक खेळ तीन लहान पुस्तिकांच्या रूपानें प्रसिद्ध झाला. आज त्याच्या पोटीं शेंकडों खेळ जन्मले आहेत, आणि आपल्याकडील मोठ्या शहरांतले तरुणहि ते खेळतात. ज्या वाचकाला याची ओळख नसेल त्याच्यासाठीं एवढें सांगणें पुरे कीं, या खेळांत चार-सहा मंडळी एका मेजाभोंवतीं बसून तोंडी एक अद्भुतकथा रचतात. प्रत्येक खेळाडू एका वीराचें काम घेतो. एकजण सूत्रधार होतो आणि उरलेलें सारें जग, त्यांतले राजे, राक्षस, वाटाडे आणि वाटमारे, आपल्या मुखानें उभें करतो. वीर काय करूं पाहतो हें खेळाडू सांगतो. तें साधलें कीं नाहीं, याचा संशय असेल तेथें वीस बाजूंचा फासा निवाडा देतो. विजयागणिक वीर एकेक पायरी चढतो. पहिल्या पायरीवरचा वीर एखाद्या भुरट्या पिशाच्चाच्या सुरीनेंहि मरण्यासारखा असतो. विसाव्या पायरीवरचा पर्वत हलवितो. १९८३ ते १९८६ या काळांत पेट्यांतून निघालेल्या मालिकेंत या पायऱ्या ३६ होत्या आणि त्यांच्याहि पुढें अमरत्व होतें. २००८ च्या आवृत्तींत ३०. २०१४ च्या आवृत्तींत २०.

प्रश्न असा कीं, या शेवटच्या पायऱ्यांवर खेळ रचावा कसा? ज्याला मरण नाहीं, ज्याला अंतर नाहीं, ज्याच्यापासून कांहीं लपत नाहीं, त्या वीरापुढें ठेवावें काय? हा प्रश्न केवळ खेळाडूंचा नाहीं. कथा रचणाऱ्या प्रत्येकाचा तो प्रश्न आहे, आणि म्हणूनच साहित्याच्या मासिकांत त्याला जागा असावी.

आजवर बहुतेक ग्रंथकारांनीं दिलेलें उत्तर एका वाक्यांत सांगतां येतें: वीर मोठा झाला, तर राक्षस त्याहून मोठा करा. हें उत्तर गणितालाच टिकत नाहीं. वीस बाजूंच्या फाशाचा आवांका वीसच. एका वीराच्या अंगीं फाशांत मिळवावयाचे तीस गुण आहेत आणि दुसऱ्याच्या अंगीं पांच, असें समजा. लक्ष्य तिसांवर ठेवलें तर पहिल्याला फांसा टाकण्याचें कारण नाहीं आणि दुसऱ्याला अर्थ नाहीं. लक्ष्य पन्नासावर नेलें, म्हणजे पहिल्याचें नशीब एका वीसच्या पडण्यावर लोंबकळतें आणि दुसरा तर प्रेक्षकच होतो. दोघांतलें अंतर फाशाच्या आवांक्याबाहेर गेलें कीं संशय संपतो. आणि संशय संपला कीं खेळहि संपतो, मग तो मोजून आणखी चार वर्षें कां चालेना.

तरी आंकडे फुगवीत जाण्याची हांव सुटली नाहीं. १९७६ सालीं देवदेवतांवर एक पुरवणी निघाली. तिच्या प्रस्तावनेचा हेतु भला होता: देवाधिदेवांची शक्ति आंकड्यांत मांडून दाखविली, म्हणजे चाळिसाव्या पायरीच्या बढाया मारणाऱ्यांना आपला पोरकटपणा उमगेल. परंतु देवाला आंकडा दिला, तेथेंच देव गेला. जें मोजतां येतें तें उणें करतां येतें. ज्याचे प्राण आंकड्यांत लिहिले, तो मारावयाच्या यादींत आला. १९८० च्या ग्रंथांत ओडिन आणि झ्यूस यांच्या नांवापुढें ४०० प्राणांक लिहिले गेले, आणि आमचे इंद्र, वरुण, यमहि त्याच हिशेबवहींत दाखल झाले. यांत श्रद्धेचा अपमान झाला कीं नाहीं, हा वाद आम्ही येथें काढीत नाहीं. कथेची हानि झाली, एवढेंच म्हणतों. २००२ सालीं विसाव्या पायरीच्या पलीकडचा एक जाडजूड ग्रंथ निघाला. त्यांत धबधब्यावरून उलट वर पोहत जाण्यास ८० आणि ढगावर तोल सांभाळून उभें राहण्यास १२० असे आंकडे ठरवून दिलेले आहेत. ढगावर उभा राहिलेला माणूस खालीं काय पाहतो, आणि त्याला परत उतरावेंसें वाटतें कीं नाहीं, हा प्रश्न त्या तक्त्यांतून उठत नाहीं. केवढी ही कल्पनेची काटकसर!

दुसरा उपाय याहून वाईट, कारण तो अप्रामाणिक आहे. २००० च्या तिसऱ्या आवृत्तींत नवव्या पायरीच्या मांत्रिकाला क्षणांत शेंकडों कोस जातां येतें, त्याच पायरीच्या पुजाऱ्याला मेलेला सोबती उठवितां येतो, आणि सतराव्या पायरीवर मनांतली इच्छा बोलून खरी करतां येते. यांतली एकेक शक्ति एकेका कथाप्रकाराला संपविते: प्रवास संपला, मृत्यूचें भय संपलें, अखेर अभावहि संपला. मग घाबरलेला सूत्रधार काय करतो? ‘या भुयारांत मंत्र चालत नाहींत,’ असें सांगतो. ‘या किल्ल्याच्या भिंतींना शिसें लाविलें आहे,’ म्हणतो. दोन वर्षें खपून मिळविलेली विद्या दाराशीं काढून ठेवावयास लावणें, हें जेवावयास बोलावून पाहुण्याचे हात बांधण्यासारखें आहे. गायगॅक्सनें १९७५ सालीं बढाईखोर खेळाडूंची खोड मोडण्यासाठीं एक भयंकर थडगें रचलें होतें, तें पुढें १९७८ सालीं छापलें गेलें. त्यांत निदान परीक्षा खेळाडूच्या बुद्धीची होती. त्याचीं अनुकरणें मात्र बहुधा नुसतीं कुलुपें झालीं.

हे दोन्ही उपाय फसलेले पाहून एक तिसरा पक्ष निघाला आहे. तो म्हणतो, दहाव्या-बाराव्या पायरीवर थांबा. वरच्या पायऱ्या पुस्तकांत शोभेपुरत्या असूं द्या. आज हाच पक्ष सर्वांत शहाणा समजला जातो. २०१४ च्या आवृत्तीनें आंकड्यांना चांगला लगाम घातला, वीराच्या कौशल्याची वाढ दोनापासून सहापर्यंतच ठेवली. तरीहि तिच्या छापील मोहिमांपैकीं बहुतेक वरच्या पायऱ्या गांठण्यापूर्वींच आटोपतात. आम्हांस हा शहाणपणा पराभूताचा वाटतो. ज्या शिडीच्या वरच्या पायऱ्यांवर पाय ठेवूं नये असें शिडी करणाराच सांगतो, ती शिडी त्यानें तेवढी उंच कां केली? आणि वाचकहो, खरी मौज अशी कीं, मानवजातीच्या थोरांत थोर कथा त्याच वरच्या पायऱ्यांवर घडलेल्या आहेत.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. खालच्या पायऱ्यांवर खेळाचा प्रश्न ‘जमेल का?’ हा असतो, आणि त्याचें उत्तर फांसा देतो. वरच्या पायऱ्यांवर तोच प्रश्न रेटीत राहणें हाच सारा घोटाळा आहे. तेथें सारेंच जमतें. तेथें प्रश्न बदलला पाहिजे: ‘करावें का? आणि केलें, तर त्याचें देणें कोण फेडील?’ अजिंक्य वीराला जोड त्याच्याहून बलाढ्य राक्षसांत सांपडावयाची नाहीं. त्याची जोड म्हणजे त्याच्याच पराक्रमानें अंगावर चढलेलें ऋण. ही जोड कधींहि हलकी पडत नाहीं, कारण ती त्याच्या बळाबरोबरच वाढते.

महाभारतच पाहा. कर्णानें कवचकुंडलें देऊन इंद्राकडून जी शक्ति मिळविली, तिच्या बळाचा आंकडा व्यासांनीं सांगितला नाहीं, अट सांगितली. ती एकदांच सुटेल, आणि ज्यावर सुटेल तो मरेल. ती अर्जुनासाठीं राखलेली आहे. युद्धाच्या चौदाव्या दिवशींच्या रात्रीं घटोत्कच कौरवसेनेचा फडशा पाडूं लागतो, सारे कर्णाला आर्जवूं लागतात, आणि कर्ण ती शक्ति टाकतो. नेम चुकण्याचा संशय तेथें नाहींच. तरी त्या क्षणीं वाचकाचा श्वास अडकतो, कारण आज वांचावें तर उद्यांचें मरण पत्करावें लागतें, हें कर्णालाहि दिसतें. तिकडे पांडव पुत्रशोकानें विव्हळ होतात आणि श्रीकृष्ण आनंदतो! एका शस्त्राच्या एका उपयोगांतून तीन माणसांच्या मनांचा केवढा पट उलगडतो! भीष्माचेंहि तेंच. त्याला इच्छामरण आहे. त्याला कसें मारावें हें गुपित हुडकावें लागत नाहीं, पांडव रात्रीं जाऊन त्यालाच विचारतात आणि तो सांगतो. उपाय ठाऊक झाल्यावरच खरी अडचण सुरू होते, कारण तो उपाय आजोबांवर योजावयाचा असतो.

इतकें लांब कशाला, करवीरची आख्यायिका घ्या. महालक्ष्मीनें कोल्हासुराला मारलें. राक्षस मेला, खेळ संपला, असें कोणताहि पाश्चात्य नियमग्रंथ म्हणेल. आमच्या पूर्वजांनीं कथा तेथें सुरू केली. मरतांना असुर वर मागतो कीं, या नगराला माझें नांव असावें. आणि विजयिनीला तो वर द्यावा लागतो. देवीच्या नगराचें नांव शत्रूचें! पुढें आख्यायिका अशी कीं, कोल्हासुराचा पुत्र कामाक्ष हा योगदंडाच्या बळानें देवांना शेळ्यामेंढ्या करून सोडतो, आणि त्यांची सुटका त्र्यंबोली करते. मग विजयाचा उत्सव होतो, आणि त्या गडबडींत त्र्यंबोलीलाच बोलावणें जात नाहीं. ती रुसून गांवाबाहेरच्या टेकडीवर पाठ फिरवून बसते. आतां करावें काय? या संकटाला त्रिशूळ चालत नाहीं. महालक्ष्मीला स्वतः तिच्या दारीं जावें लागतें. आजहि आश्विन शुद्ध पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते, आणि कुमारिकेच्या हस्तें कोहळा फोडला जातो. जिच्या हातून असुर मेला, त्या देवतेपुढें उभा राहिलेला सर्वांत अवघड प्रसंग म्हणजे एका सखीची समजूत काढणें, हें ज्या लोकबुद्धीला सुचलें, तिला वरच्या पायऱ्यांचा खेळ कसा रचावा हें कोणी शिकवावें? तें ऋण एकदां फेडून संपलेंहि नाहीं. तें दरसाल फेडावें लागतें.

देवांच्या गोष्टी देवांना शोभतात, असें कोणी म्हणेल, म्हणून इतिहासांतलें उदाहरण घेतों. सातारा आणि कोल्हापूर या दोन भावकीच्या गाद्यांत वर्षानुवर्षें वितुष्ट होतें. १७३० सालीं कोल्हापूरच्या संभाजीराजांचा वारणेकांठीं पराभव झाला. शाहूराजांना दक्षिणेची गादी त्या वेळीं बुडवितां आली असती. १७३१ सालीं तह झाला, वारणा ही सीमा ठरली आणि कोल्हापूरचें राज्य स्वतंत्र म्हणून मान्य झालें. आतां या खेळाच्या वरच्या पायरीवरील चार वीर त्या तहाच्या मेजाभोंवतीं बसलेले कल्पा. कोणाच्याहि तलवारीला जोड नाहीं. कैदेंत राजघराण्यांतलीं माणसें आहेत. उद्यां निजामाला कोण जाऊन मिळेल याचा भरंवसा नाहीं. आणि समोर बसलेला शत्रु चुलतभाऊ आहे. अशा बैठकींत एका शब्दानें जें रक्त सांडेल किंवा वांचेल, तें कोणत्या ज्वाळामुखी नागाच्या चारशें प्राणांकांत मावणार?

याच कोल्हापूरच्या दरबाराशीं निगडित असलेलें आज्ञापत्र या पायऱ्यांचें पाठ्यपुस्तक म्हणून वाचावें, असें आमचें सांगणें आहे. शिवछत्रपतींच्या वेळेपासून राज्य पाहिलेले रामचंद्रपंत अमात्य यांनीं १७१५ च्या सुमारास तें संभाजीराजांसाठीं सिद्ध केलें. त्यांत दुर्गांची निगा आहे, आरमार आहे, प्रधान, सावकार आणि वतनदार यांना कसें वागवावें तें आहे, आणि टोपीकर व्यापाऱ्यांविषयींचा सावध इशारा आहे. आरमारासाठीं लांकूड हवें. पण आंबा-फणसाचीं झाडें रयतेनें लेकरांसारखीं वाढविलेलीं असतात, तीं धन्याच्या राजीखुषीवांचून तोडूं नयेत, अशी त्यांत ताकीद आहे. कर्ता मुरब्बी किती, तें येथें दिसतें. ज्याच्यापाशीं सारा कोंकणकिनारा जिंकण्याचें बळ आहे, त्याची परीक्षा एका कुणब्याच्या फणसाखालीं लागते! राक्षसांच्या तक्त्यांनीं भरलेल्या चारशें पानांपेक्षां ती एक ताकीद सूत्रधाराच्या अधिक कामाची आहे.

आणि कोल्हापुरांतच लिहिल्या गेलेल्या ‘ययाति’ला विसरून कसें चालेल? वि. स. खांडेकरांची ही कादंबरी १९५९ सालीं प्रसिद्ध झाली. राजाला राज्य आहे, यश आहे, अखेर परत मिळविलेलें तारुण्यहि आहे. त्याला अडविणारा कोणी उरलेला नाहीं. पण तें तारुण्य कोठून आलें? पुत्राच्या अंगांतून. इच्छा पुरी करणारा मंत्र म्हणजे काय, याचें इतकें नेमकें उत्तर कोणत्याहि नियमग्रंथांत नाहीं. वीराची इच्छा जरूर पुरी व्हावी. फक्त ती ज्याच्या पदरांतून पुरी झाली, तो माणूस सूत्रधारानें समोर आणून उभा करावा.

पाश्चात्य ग्रंथकारांना हें कधीं दिसलेंच नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. १९७४ च्या मूळ पुस्तिकांतच नवव्या पायरीचा योद्धा सरदार होई, गढी बांधी आणि रयतेकडून कर घेई. फ्रँक मेंट्झर यांच्या १९८४ च्या पेटींत तर मुलूख चालविण्याचे सविस्तर नियम होते. दिशा बरोबर होती. चूक एवढीच झाली कीं, रयतेची मर्जीहि तेथें पुन्हां आंकडाच झाली, आणि राज्य करणें म्हणजे जमाखर्च लिहिणें झालें. ग्रेग स्टॅफर्ड यांनीं १९८५ च्या ‘पेंड्रॅगन’मध्यें याहून पुढचें पाऊल टाकलें. तेथें दर हिंवाळ्याला वर्ष उलटतें, वीर वृद्ध होतो, आणि त्याचीं मुलें त्याचें नांव व वैर दोन्ही वारशानें घेतात. १९८७ च्या ‘आर्स मॅजिका’नें प्रत्येक खेळाडूच्या हातीं थोर मांत्रिकाबरोबर हलकीसलकी माणसेंहि दिलीं. २००८ च्या आवृत्तीनें एकविसाव्या पायरीलाच वीराला आपल्या शेवटाची निवड करावयास लाविली. हे तुकडे चांगले आहेत. ते एका सूत्रांत ओंवले गेले नाहींत, म्हणून पुढचा प्रत्येक ग्रंथ पुन्हां मोठ्या राक्षसाकडेच वळतो.

तें सूत्र सांगण्याचें धाडस आम्ही करतों.

पहिली गोष्ट, एका ठराविक पायरीनंतर आंकड्यांची वाढ बंद करावी. त्यापुढें वीराचें बळ न वाढतां त्याचा पल्ला वाढावा: एका गांवाऐवजीं खोरें, एका दिवसाऐवजीं पिढी. दुसरी, दिलेली शक्ति कधींहि काढून घेऊं नये. भुयाराला शिसें लावूं नये. मांत्रिकाला शंभर कोसांवर जाऊं द्यावें. तो तेथें गेला असतां येथें कोण वाट पाहत राहिलें, एवढें सूत्रधारानें ध्यानांत ठेवावें. तिसरी आणि मुख्य, प्रत्येक महत्कृत्याबरोबर एक ऋण नांवनिशीवार लिहावें, आणि तें वीराच्या गुणांच्याच पानावर, खेळाडूच्या स्वतःच्या अक्षरांत असावें. ‘कोल्हासुराला नांव देणें लागतों.’ ‘त्र्यंबोलीला बोलावणें राहिलें.’ दर बैठकीच्या आरंभीं यांपैकीं एक धनको दाराशीं यावा. हें ऋण लपविलेलें नसावें. लपविलेलें ऋण हा सूत्रधाराचा कावा होतो, उघडें ऋण हा वीराचा धर्म होतो. चवथी, प्रतिपक्षाच्या बाजूला कांहीं तरी न्याय असावा. ज्याला मारणें सोपें आणि बरोबर असतें, तो या पायरीचा शत्रु नव्हे.

पांचवी गोष्ट आम्ही तालमींतून घेतों. जोड न उरलेला मल्ल जन्मभर जोड शोधीत फिरत नाहीं. तो वस्ताद होतो. पहांटे पोरांकडून जोर-बैठका काढून घेतो, त्यांच्या खुराकाची चिंता वाहतो, आणि सारे डाव शिकवून एक राखून ठेवतो. तो राखलेला डाव केव्हां आणि कोणाला द्यावा, यांतच त्याच्या उत्तर आयुष्याचें नाट्य असतें. म्हणून वरच्या पायरीवरील प्रत्येक खेळाडूनें एक पहिल्या पायरीचा गडीहि चालवावा: मोठ्याच्या आज्ञा ज्याला भोगाव्या लागतात असा. खेळाडू एका बैठकींत हुकूम सोडील आणि पुढच्या बैठकींत तोच हुकूम पायीं तुडवीत दहा कोस चालेल. सहावी, मोहिमेचा शेवट आधीं ठरलेला असावा. पांडवांचें महाप्रस्थान नसतें, तर त्यांचा विजयहि शिळा झाला असता.

हें सारें मेजावर कसें दिसेल, याचा एक नमुना देतों. २०१९ च्या ऑगस्टांत पंचगंगा आणि कृष्णा यांना महापूर आला; कोल्हापूर, शिरोळ, सांगली पाण्याखालीं गेलीं, आणि खालच्या अंगाच्या अलमट्टी धरणांतून पाणी किती व केव्हां सोडावें यावरून दोन राज्यांत वाद माजला. असाच एक पूर कल्पित राज्यांत आणा. मांत्रिकाला नदी अडवितां येते. फांसा टाकण्याचें कारणच नाहीं. वरच्या अंगाला अडवावी तर धनगरांचे वाडे बुडतात. वळवावी तर शेजारच्या राज्याचा ऊस जातो आणि गेल्या सालचा तह मोडतो. कांहींच न करावें तर राजधानींतलें देऊळ आणि त्याभोंवतीं राहणारे दहा हजार लोक जातात. पहांटेपर्यंतचा अवधि आहे. खेळाडूंनीं ठरवावें. मग पुढच्या बैठकींत त्यांच्या लहान गड्यांना त्याच बुडालेल्या वाड्यांत नांव घेऊन पाठवावें, आणि तेथल्या म्हातारीनें ‘नदी कोणी वळविली?’ असें विचारावें. या दोन बैठकांत एकहि राक्षस नाहीं, आणि एकाहि खेळाडूला झोंप येणार नाहीं, याची आम्हांस खात्री आहे.

याला उत्तर येईल कीं, लोक दिवसभर कचेरीत राबून रात्रीं मौजेसाठीं खेळावयास बसतात. त्यांना तलवार फिरवूं द्या, धर्मसंकटें कशाला? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. तलवार काढून घ्या असें आम्ही म्हटलेलेंच नाहीं. कुरुक्षेत्रावर अठरा दिवस युद्ध झालें आणि त्यांत मौजेची वाण पडली नाहीं. परंतु तेथील प्रत्येक घाव कोणाच्या तरी शपथेवर, शापावर किंवा उपकारावर पडतो, म्हणून तो अजून ऐकूं येतो. लढाई राहूं द्या. तिच्यामागचें कारण लढाईहून मोठें असूं द्या. शिवाय ज्याला केवळ घाव-वार हवे आहेत, त्याच्यासाठीं पहिल्या दहा पायऱ्या मोकळ्याच आहेत आणि त्या खरोखर उत्तम रचलेल्या आहेत. विसाव्या पायरीवर येऊन पहिल्याच पायरीचा खेळ मोठ्या आंकड्यांत मागणें, हें मिशा फुटल्यावर पाळण्याचा हट्ट धरण्यासारखें आहे.

दुसरा आक्षेप असा येईल कीं, फारच थोडी मंडळी इतक्या वर चढतात. त्यांच्यासाठीं एवढी उस्तवार कशाला? खरें आहे. परंतु जे चढतात ते दोन-दोन, तीन-तीन वर्षें दर आठवड्याची संध्याकाळ देऊन चढतात. त्यांतला कोणी नोकरीनिमित्त परगांवीं गेला तरी फोनवरून बैठकीला हजर राहतो. एवढ्या निष्ठेच्या अखेरीस त्यांच्या पानांत ढगावर तोल सांभाळण्याचा आंकडा वाढावा, ही त्यांची चेष्टा आहे. आणि शिखर कसें आहे यावर चढणीचीहि गोडी अवलंबून असते: वर केवळ मोठा आंकडा असेल, तर खालचा वीर आंकडेच गोळा करतो, वर हिशेब द्यावा लागणार असेल, तर तो पहिल्याच भुयारांतून निघतांना मागें वळून पाहतो.

म्हणून आमच्याकडील जे तरुण आज हा खेळ खेळतात, आणि जे उद्यां त्याचीं पुस्तकें मराठींत लिहितील, त्यांना आमचें सांगणें आहे कीं, परक्यांच्या राक्षसांच्या याद्या भाषांतरित करीत बसूं नका. फांसा त्यांचा घ्या. तो चांगला आहे. वीर मोठा झाला, म्हणजे मात्र आज्ञापत्र काढा, द्रोणपर्व काढा, आणि एकदां पंचमीला टेंबलाईची टेकडी चढून या. विजयानंतर कोणाला बोलावणें राहिलें, हा प्रश्न तुमच्या वीराला विचारा. त्या प्रश्नाला मात्र विसावी पायरी पुरत नाहीं, आणि छत्तिसावीहि पुरत नाहीं.